आईची सही, दहापैकी सात

पत्र (थोडं कापून, ओळखीच्या गोष्टी काढून):

"माझी आई ७४ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. बाबा नाहीत. नाशिकमधला फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर, पेन्शन तिच्या एकटीच्या खात्यात, ११ लाखाच्या एफड्या पण तिच्याच नावावर. सांभाळतो मी आणि माझी बायको, घरात सातवीतली मुलगी. मोठा भाऊ ठाण्यात, बहीण पुण्यात. गेल्या महिन्यात आईला घेऊन एफडी मोडायला गेलो तर सही जुळत नाही म्हणून बँकेने परत पाठवलं. तेव्हापासून रोज सकाळी तिच्याकडून वहीत सही गिरवून घेतोय. परवा तिने दहा सह्या केल्या, मग लाल पेन मागितलं आणि खाली स्वतःलाच ७/१० मार्क दिले. भाऊ म्हणतो फ्लॅटचं बक्षीसपत्र तिघांच्या नावे करून टाकू, स्टॅम्प फक्त २०० रुपये लागतो. रजिस्टर ऑफिसबाहेरचा एजंट म्हणतो मुखत्यारपत्र करा, आजींना पाच मिनिटं आणून बसवा, बाकी मी बघतो. एक वकील म्हणाले कोर्टातून पालक नेमून घ्यावं लागेल, आणि फीचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी पाणी पिऊन घरी आलो. आई सकाळी बरी असते, हरिपाठ अख्खा म्हणते, संध्याकाळी मला 'तुम्ही कोण गावाकडचे?' विचारते. कुठून सुरुवात करू?"

उत्तर:

तुमचं पत्र वाचताना त्या ७/१० पाशी थांबले, चहा केला, मग पुढचं वाचलं. आमच्या सासूबाई शेवटी शेवटी सही करायच्या ती माहेरच्या नावाची, लग्नाला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, आणि अक्षर इतकं सुंदर की कोणाची छाती नव्हती त्यांना चूक आहे म्हणायची.

आधीच सांगते, मी वकील नाही. बँकेत ३१ वर्षं काढली आणि घरात सासूबाईंना सात वर्षं सांभाळलं, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा प्रकार बघितलाय. कायद्याचं जे लिहितेय ते वकील मैत्रिणीला दाखवून घेतलंय, तरी तुमचे कागद घेऊन तुम्हाला एका वकिलाकडे बसावं लागणारच आहे, ते फुकटात कसं ते खाली सांगते.

तर बँकेने "सही जुळत नाही" म्हटलं आणि तुम्ही तो सहीचा प्रॉब्लेम समजून बसलात. सगळेच बसतात. पण समजा उद्या आईने दहापैकी दहा मिळवले, सही अगदी १९९० सालच्या पासबुकासारखी आली, तरी कायद्याच्या दृष्टीने काही फरक पडत नाही हो. १८७२ चा करार कायदा सही कशी आहे ते विचारत नाही, सही करताना त्या माणसाला आपण काय करतोय ते कळत होतं का, त्याचं आपल्याला बरंवाईट काय होणार याचा विचार करता येत होता का, एवढंच विचारतो. त्यात एक बारीक सोय पण आहे, जो माणूस एरवी भानावर नसतो पण मधेमधे असतो, त्याने भानावर असताना केलेला व्यवहार चालतो. म्हणजे तुमच्या आईची सकाळ कायद्याला मान्य आहे. फक्त ती सकाळ होती हे नंतर सिद्ध करायची वेळ आली तर ते तुमच्या तोंडी सांगण्यावर होत नाही.

आता मुखत्यारपत्र. एजंट जे सांगतोय ते लाखो घरांत चाललंय, म्हणून ते बरोबर आहे असं वाटतं. दोन भानगडी आहेत. एक म्हणजे आज आईला ते कळत नसेल तर ते करतानाच फुसकं. दुसरी भानगड जास्त लोकांना माहीत नसते, ती ही की चांगल्या शुद्धीत असताना, रीतसर रजिस्टर करून दिलेलं मुखत्यारपत्रसुद्धा देणाऱ्याचं भान गेलं की आपोआप संपतं, त्याच करार कायद्याचं कलम २०१. कोणी रद्द करायला नको, नोटीस नको, संपतंच. अमेरिका-इंग्लंडमध्ये मन गेल्यावरही चालू राहणारं वेगळ्या प्रकारचं मुखत्यारपत्र मिळतं, आणि तिकडची भाची नाहीतर मेहुणा फोनवर सांगतो "इतकं सोप्पं आहे, फक्त पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून घे", आणि इथे आपण धावतो. आपल्याकडे तशी सोय नाही.

हे मला माहीत होतं बरं का, बँकेत असताना कितीतरी लोकांना सांगितलेलं. आणि तरी स्वतःच्या घरी तेच केलं. सासूबाईंनी चांगल्या असताना माझ्या नवऱ्याला मुखत्यारपत्र दिलेलं, आम्ही निदान झाल्यावरही दोन वर्षं ते वापरत राहिलो, लाइटबिलापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे चाललं, कोणी हूं की चूं केलं नाही. मग केअरटेकरच्या पगाराला पैसे पुरेनात म्हणून त्यांची जुनी खोली विकायला काढली, गिऱ्हाईक मिळालं, टोकन घेतलं, आणि घेणाऱ्याला कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने सरळ विचारलं की मालकीणबाई कुठे आहेत, त्यांच्याशी बोलायचंय. व्हिडिओ कॉल लावला. सासूबाईंनी त्याला जेवून जा म्हणून सांगितलं. तिथे सौदा संपला. टोकन परत केलं, वर त्या माणसाचे दोन महिने फुकट गेले म्हणून तो जे बोलला ते ऐकून घेतलं. वकिलाचं काही चुकलं नव्हतं, आमचंच चुकलेलं.

म्हणून म्हणते, आईच्या सहीमागे धावणं थांबवा. तुम्हाला आता लागणार आहेत ते दुसऱ्यांच्या सहीचे कागद, आधी डॉक्टरच्या, मग लागलंच तर कोर्टाच्या.

डॉक्टरचा कागद या आठवड्यात घ्या. फाइलमध्ये एमआरआय आणि गोळ्यांच्या चिठ्ठ्या असतील, त्या पुरत नाहीत. न्यूरोलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टकडून लेटरहेडवर, त्यांच्या रजिस्ट्रेशन नंबरसकट पत्र पाहिजे, त्यात निदान काय, कधीपासून, आजार कुठल्या टप्प्यात, स्मरणशक्तीची ती तीस मार्कांची चाचणी घेतली असेल तर कुठल्या तारखेला किती मार्क, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईला पैशाचे आणि मालमत्तेचे व्यवहार समजतात की नाही, काही समजतात का, हे स्पष्ट वाक्यात. शेवटचं वाक्य डॉक्टर मागितल्याशिवाय लिहीत नाहीत. त्यांना सांगा की कायद्याच्या कामाला हवंय, चांगले डॉक्टर वेगळी वेळ देतात, आईला सकाळी न्या, संध्याकाळची अपॉइंटमेंट घेऊच नका. आणि मार्क कमी आले म्हणजे सगळं संपलं असं नाही, चाचणीत कमी पडलेला माणूससुद्धा 'माझं घर धाकट्याने सांभाळावं' एवढं नीट सांगू शकतो, उलटही होतं. त्या पत्रावर पुढचं सगळं ठरणार, आईची सकाळ खरंच व्यवहाराएवढी चांगली आहे का, की फक्त हरिपाठाएवढी. पाठ असलेलं बऱ्याच उशिरापर्यंत राहतं हो, त्यावरून फसू नका.

डॉक्टर म्हणाले की अजून बरंच समजतं, तर घाई करून पण नीट करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. पहिली बँक. शाखेत जाऊन मॅनेजरला भेटा, काउंटरवर भांडू नका, त्या पोराच्या हातात काही नसतं आणि उद्या भावाने तक्रार केली तर नोकरी त्याची जाते. ७० च्या वरच्या ग्राहकांना घरी येऊन काही सेवा द्यायच्या असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितलेलंय, तेव्हा ऑफिसर घरी या म्हणून लेखी अर्ज द्या, सकाळची वेळ मागा. त्याने आईशी बोलावं, आईने स्वतः सांगावं की एफडीला मुलाचं नाव जोडा. जोडताना फॉर्मवर काय टिक करताय ते चष्मा लावून बघा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' म्हणजे पहिलं नाव हयात आहे तोवर दुसऱ्याला हात लावता येत नाही, आणि माझ्या ३१ वर्षांत जॉइंट खातं आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या निम्म्या लोकांना त्यांच्या पासबुकात यातलं कुठलं लिहिलंय ते माहीत नव्हतं. आणखी एक मेख, आयदर ऑर सर्व्हायव्हर असलं तरी एफडी मुदतीआधी मोडायची तर साधारण दोघांची सही मागतात, मुदत संपल्यावर एकाची चालते. म्हणून पाच वर्षांची मोठी एफडी ठेवू नका, लहान लहान मुदतीच्या करा, वर्षात दोन-तीन पिकतील अशा. नॉमिनी म्हणजे मालक नाही, आणि आई असताना नॉमिनीला काहीच अधिकार नाही, हे भावालाही सांगा, घरोघरी यावरून गैरसमज.

अंगठ्याचं विचारलं नाहीत पण विचाराल म्हणून लिहिते. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा, अगदी पायाचा अंगठासुद्धा, दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे द्यायची पद्धत बँकांत आहे, त्यातला एक साक्षीदार बँकेचा माणूस लागतो. पण ती हात चालत नाही पण डोकं चालतं अशांसाठी आहे. तुमच्याकडे उलट आहे. कोणी ओळखीने करून दिलं तर ते त्याच्याही गळ्याशी येतं नि तुमच्याही.

दुसरी गोष्ट मृत्युपत्र. ते आईला करायचं असेल, आईला, तुम्हाला नाही, तर दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण अशा केसमध्ये केलेलं बरं, त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडायचं आणि डॉक्टरच साक्षीदार झाले तर उत्तमच. ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको, शक्यतो खोलीतही नको. पण खरं सांगू, तुमच्या घरात मला त्याची गरज दिसत नाही. मृत्युपत्र नसलं तरी हिंदू वारसा कायद्यानुसार विधवा आईची मिळकत तिन्ही मुलांना सारखी जाते, म्हणजे भाऊ बक्षीसपत्राने जे करू म्हणतोय तेच. अर्ध्या भानातल्या माणसाचं मृत्युपत्र पुढे तीन भावंडांना पंधरा वर्षं कोर्टात बसवतं. आईला कधीच्या काळी एकाला जास्त द्यायचं होतं असं तिनेच चांगली असताना सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि आता ते बक्षीसपत्र. स्टॅम्पचं भाऊ खरं बोलतोय, महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायला स्टॅम्प ड्यूटी २०० रुपयेच आहे, वर काही ठिकाणी स्थानिक अधिभार लागतो तेवढा. पण स्वस्त आहे म्हणून कोणी ऑपरेशन करून घेत नाही. भाऊ वाईट आहे असं मी म्हणत नाही, तिघांच्या नावाने करू म्हणतोय म्हणजे नियत सरळच दिसते, फक्त त्याला वाटतंय की रजिस्टर झालं म्हणजे पक्कं झालं. तसं नाही. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात कॅमेऱ्यात फोटो काढतात, अंगठा घेतात, दस्त मान्य आहे का विचारतात, आई हो म्हणेल, शिक्षिका आहे, समोरच्याने नीट विचारलं की हो म्हणायची सवय असते. पण तो दस्त नोंदला गेला एवढाच त्याचा अर्थ, आईला कळत होतं याचा पुरावा तो नाही. उलट नोंदणी कायद्यातच लिहिलंय की दस्त करून देणारी व्यक्ती भानावर दिसत नसेल तर अधिकाऱ्याने नोंदणी नाकारायची. उद्या बहिणीच्या सासरचं कोणी उठलं, किंवा फ्लॅट विकताना घेणाऱ्याच्या वकिलाने दोन वर्षांपूर्वीच्या निदानाची तारीख आणि दस्ताची तारीख शेजारी ठेवली, की झालं. शिवाय एक साधी गोष्ट, घर आईच्या नावावर आहे तोवर आईच्या औषधपाण्याला ते घर उभं आहे. तिघांच्या नावावर गेलं की तिच्या नर्सच्या पगारासाठी तुम्हाला तिघांच्या सह्या गोळा कराव्या लागतील, आणि भावाचं घर, त्याचं कर्ज, त्याची बायको सगळे त्या सहीत येतात.

आता समजा डॉक्टर म्हणाले नाही, व्यवहार समजत नाहीत. मग वर लिहिलेलं बँकेचं, मृत्युपत्राचं सगळं विसरा, आणि तुमच्या त्या वकिलांनी सांगितलेला रस्ता राहतो. ते फसवत नव्हते, रस्ता तोच आहे. तो इतका लांबचा का ते ऐका. १९८७ च्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टमध्ये जिल्हा कोर्टात अर्ज करून अशा माणसाच्या मालमत्तेसाठी पालक किंवा मॅनेजर नेमून घ्यायची सोय होती. त्याच्या जागी २०१७ चा नवा कायदा आला, २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, तो उपचारांच्या बाबतीत खूप चांगला आहे, पण मालमत्तेचं ते प्रकरणच त्यात नाही. जुना कायदा गेला, सोय गेली. पालकत्वाचा १८९० चा कायदा आहे तो अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या मुलांसाठी. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा आहे तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व, बहुविकलांगता यांच्यासाठी, अल्झायमर त्यात बसत नाही. देशात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे असं २०२३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात निघालं, आणि त्यांच्या पासबुकाचं काय करायचं ते सरळ सांगणारं एक कलम आपल्याकडे नाही. कोणी वकील तुम्हाला १८९० च्या कायद्याखाली जिल्हा कोर्टात टाकून देतो म्हणाला तर नमस्कार करून उठा.

उरतं हायकोर्ट. घटनेच्या कलम २२६ खाली रिट अर्ज करायचा की आमची आई स्वतःचं बघू शकत नाही, मला तिचा पालक नेमा. ज्याला स्वतःचं बघता येत नाही त्याचं मायबाप कोर्ट, असा जुना अधिकार आहे, त्यावर हे चालतं. केरळ हायकोर्टाने २०१९ मध्ये कोमातल्या पेशंटांच्या बाबतीत याचे नियम घालून दिले, २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने कोमातल्या नवऱ्याची पालक म्हणून बायकोला नेमलं आणि ती काम नीट करतेय का यावर लक्ष ठेवायला राज्य विधी सेवा प्राधिकरणाला सांगितलं. डिमेन्शियाच्या पेशंटांची मुलंही याच रस्त्याने जातात. नाशिककरांना मुंबईच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचंच सर्किट बेंच, म्हणजे तिथे बसणारं खंडपीठ, सुरू झालंय, तिथे विचारा, मुंबईची एसटी पकडायच्या आधी.

कोर्ट काय मागतं? आईच्या आजाराचे कागद, आणि बहुतेक वेळा सरकारी हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाकडून तपासणी करून अहवाल. आईच्या नावावर काय काय आहे त्याची पूर्ण यादी, लपवाछपवी न करता, देणी पण. महिन्याचा खर्च किती आणि पैसा कशासाठी लागणार. घरातले सगळे वारस कोण, आणि त्यांची हरकत नाही अशी प्रतिज्ञापत्रं. ही शेवटची तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. भाऊ आणि बहीण दोघांनी ना-हरकत दिली तर तेच काम सुटसुटीत होतं, एकाने हरकत घेतली की वर्षं जातात आणि त्या वकिलाने सांगितलेला आकडा मग खरोखर लागतो. नेमल्यावरही तुम्ही मालक होत नाही, हिशेब द्यावा लागतो, आणि फ्लॅट विकायचा तर त्यासाठी कोर्टाची स्पष्ट परवानगी लागते, अर्जातच ते मागून ठेवायला वकिलाला सांगा, नाहीतर पुन्हा फेरा.

उपचारांसाठी मात्र एवढं काही लागत नाही. २०१७ च्या त्या कायद्यात पेशंटच्या वतीने बोलणारी व्यक्ती आधी नेमलेली नसेल तर नातेवाईक, नाहीतर सांभाळणारी व्यक्ती ते काम करते. कधी मानसिक आरोग्य केंद्रात दाखल करायची वेळ आली तर 'कोर्टाची ऑर्डर आणा' ऐकून घाबरू नका.

आता फी. हे नीट वाचा. १९८७ चाच एक दुसरा कायदा आहे, विधी सेवा प्राधिकरणाचा, त्याच्या कलम १२ मध्ये फुकट वकील कोणाला मिळतो त्याची यादी आहे. त्यात स्त्री आहे. उत्पन्नाची अट नाही, पगार कितीही असो. आणि तुम्हाला बहीण आहे! तुम्ही स्वतः अर्जदार झालात तर तुमचं उत्पन्न बघतील, बहीण अर्जदार झाली, किंवा तुमच्याबरोबर झाली, तर तिला हा हक्क आहे. नाशिकच्या जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असेल, तिथे साधा अर्ज लिहायचा, हायकोर्टाच्या कामासाठी तिथली वेगळी विधी सेवा समिती असते तिकडे ते पाठवतात. फोनवर विचारायचं तर १५१०० हा त्यांचा नंबर, आणि ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. फुकटचा वकील म्हणजे कसाबसा असं लोक म्हणतात, माझ्या त्या वकील मैत्रिणीने स्वतः विधी सेवेच्या वकिलांच्या पॅनलवर असताना अशी कामं केलीत आणि ती कसलीही कशीबशी करत नाही, तुम्हाला कोण मिळेल ते नशीब, पण एकदा बसून तर या. बहिणीला हे कागद भरायला सांगितलं की तीही या सगळ्यात येते, हा त्यातला दुसरा फायदा, सध्या ती पुण्याहून फक्त "आईला बदाम देतोस ना" विचारत असेल.

पैशाचं अजून एक, भाऊ-बहीण खर्चात काही देतात का ते तुम्ही लिहिलं नाहीत, त्यावरून मी समजले ते समजले. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात प्रांत ऑफिसमधल्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्त्याचा अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० पर्यंत, वकील लागत नाही, आईला स्वतःला जमत नसेल तर तिच्या वतीने दुसरा कोणी करू शकतो. आहे एवढं माहीत असू द्या. वापरू नका, निदान आत्ता नको, भावाची ना-हरकत तुम्हाला हवीये. त्याऐवजी दोनशे पानी वही आणा, आईचा खर्च रोजचा लिहा, डायपर, गोळ्या, बाईचा पगार, रिक्षा, बिलं फाइलला, आणि महिन्याच्या एक तारखेला त्या पानाचा फोटो तिघा भावंडांच्या ग्रुपवर टाकायचा. वर एक शब्द लिहायचा नाही. आईच्या पेन्शनमधून घरचा किराणा करू नका, तुमच्या पगारातून आईचं काही आणलंत तर तेही लिहा. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात धाकट्या दिरांचे पैसे आपसूक यायला लागले, न मागता. कोर्टात हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा तीच वही उपयोगी पडली.

इन्कम टॅक्स भरत असाल तर जुन्या करप्रणालीत डिमेन्शियाच्या उपचाराच्या खर्चावर ज्येष्ठांसाठी एक लाखापर्यंत वजावट मिळते, दिव्यांगत्व ४० टक्के असल्याचं स्पेशालिस्टचं सर्टिफिकेट लागतं, सीएला विचारा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला हल्ली मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या निघतो, त्यासाठी आईला पायऱ्या चढवू नका.

राहिली ती सहीची वही. ती फाडू नका, लपवू पण नका. उद्या प्रकरण कोर्टात गेलं आणि कोणी म्हणालं की मुलाने महिनाभर आईकडून सह्या गिरवून घेतल्या, तर ऐकायला काय वाटेल विचार करा. वकिलाला पहिल्याच भेटीत स्वतःहून दाखवा, काय झालं ते सांगा, तुमच्या मनात काळंबेरं नव्हतं हे त्या ७/१० वरूनच कळतं, कोण लबाड माणूस आईला मार्क द्यायला लाल पेन देईल. मात्र उद्यापासून गिरवणं बंद. सकाळची ती वेळ रिकामी पडली तर मुलीच्या शुद्धलेखनाच्या वह्या द्या आईसमोर ठेवून, लाल पेनसकट, आणि मुलीला आधीच सांगून ठेवा, मार्क कमी पडले तरी आजीशी वाद घालायचा नाही.